दुसरा मॉनिटर जोडल्यापासून ग्राफिक्स कार्ड जास्त तापते : तापमान कसे पाहावे आणि मॉनिटर कसे जोडावेत?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापूर्वी मी खेळांसाठी संगणक जुळवून घेतला. त्यात इंटेलचा कोअर आय५-१२४०० प्रोसेसर असून त्यावर खोक्यातून आलेलाच कूलर बसवला आहे. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचे आहे. कॅबिनेटला पुढून दोन आणि मागून एक असे तीन पंखे आहेत. मॉनिटर २७ इंची, १४४०पी (म्हणजे उंचीत १४४० पिक्सेल) आणि १६५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) असून तो डिस्प्लेपोर्टने जोडला आहे. आमच्या घरात एका यंत्रावर एवढा खर्च पहिल्यांदाच झालेला असल्यामुळे मी त्याला फार जपतो, आणि म्हणूनच जानेवारीत मी त्याची तापमाने खोलीच्या तापमानासह एका वहीत लिहून ठेवली होती.

मार्चअखेर वडिलांनी दुकानातला जुना २२ इंची मॉनिटर बदलला. तो १०८०पी आणि ६० हर्ट्झचा आहे. तो मी घरी आणला आणि ग्राफिक्स कार्डाच्याच एचडीएमआय पोर्टला जोडला. मोठ्या मॉनिटरवर खेळ चालू असताना तापमानाचे आकडे लहान मॉनिटरवर सतत डोळ्यांसमोर राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. टेबल लहान असल्यामुळे दोन्ही मॉनिटर त्यावर मावेनात, म्हणून कॅबिनेट टेबलावरून काढून खालच्या कप्प्यात सरकवले. दोन दिवसांतच आकडे बदलल्याचे लक्षात आले.

जानेवारीत खोलीत २६ अंश असताना संगणक नुसता चालू ठेवला, तर कार्ड ४१ अंशांवर स्थिर राहत असे, आणि तासभर खेळल्यावर ते ६८ अंशांपर्यंत जात असे. आता खोलीत ३३ अंश असतात. काहीही चालू नसताना कार्ड हळूहळू ५५ अंशांपर्यंत चढते, मग त्याचे पंखे सुरू होतात, तापमान ४७ पर्यंत उतरले की पंखे थांबतात आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. दर चार-पाच मिनिटांनी घरघर सुरू होऊन बंद पडते, आणि रात्री अभ्यास करताना त्या आवाजाकडेच कान लागून राहतात. खेळताना कार्ड ८२ अंशांवर जाते, हॉट स्पॉट ९५ दाखवतो आणि प्रोसेसर ६४ वरून ७७ वर गेला आहे.

दुसरा मॉनिटर जोडल्याने कार्डावर इतका ताण येतो का? ८२ अंश धोक्याचे आहेत का? आकडे पाहण्याची योग्य पद्धत कोणती? मी सध्या एचडब्ल्यूइन्फो आणि आफ्टरबर्नर हे तापमान व वेग दाखवणारे दोन्ही प्रोग्रॅम एकाच वेळी चालू ठेवतो. जुना मॉनिटर काढून टाकावा लागू नये, अशी मनापासून इच्छा आहे.

उद्यमनगरचा कॅडवाला

तुम्ही खोलीचे तापमान लिहून ठेवलेत, याबद्दल आधी तुमचे कौतुक करतो. बहुतेक जण नुसता कार्डाचा आकडा सांगतात आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मी शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या साच्यांची ड्रॉइंग करतो आणि बऱ्याच वर्षांपासून दोन मॉनिटरवर काम करत आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी भीती दूर करू. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंशांची आहे आणि तुमच्या प्रोसेसरसाठी इंटेलने १०० अंशांची मर्यादा दिली आहे. हॉट स्पॉट म्हणजे चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू. तो सरासरी तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असणे नेहमीचेच आहे. त्यामुळे तुमचे कार्ड जळण्याच्या वाटेवर नाही. मात्र ८३ अंशांच्या आसपास ही कार्डे स्वतःला सावरण्यासाठी आपला वेग थोडा-थोडा कमी करू लागतात. तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात, म्हणून दुर्लक्षही करू नका.

आता तुमच्याच वहीतले आकडे वजा करून पाहा. जानेवारीत खेळताना कार्ड खोलीपेक्षा ४२ अंशांनी वर होते आणि आता ते ४९ अंशांनी वर आहे. म्हणजे जी १४ अंशांची वाढ तुम्हाला दिसते, त्यातले ७ अंश चैत्राच्या उन्हाचे आहेत. उरलेल्या ७ अंशांचे कारण आपल्याला शोधायचे आहे. संगणक रिकामा असतानाही तसेच आहे. आधीचा फरक १५ अंशांचा होता, आता पंखे सुरू होण्याच्या क्षणी तो २२ होतो. खोली तापली की पंख्यांचा वेगही बदलतो, त्यामुळे ही वजाबाकी तराजूवर तोलल्यासारखी काटेकोर नसते, पण शोध कुठे घ्यायचा हे तिच्यावरून बरोबर कळते. माझ्या मते या दोन वाढींची कारणे वेगवेगळी आहेत.

रिकामा संगणक तापतो, त्याचे कारण बहुधा दुसरा मॉनिटरच आहे, पण तो ज्या अर्थाने तुम्ही ताण म्हणता त्या अर्थाने नव्हे. साधा डेस्कटॉप दाखवायला या कार्डाला काहीच कष्ट पडत नाहीत. अडचण कार्डावरच्या मेमरीच्या वेगाची आहे. काम नसले की कार्ड मेमरीचा वेग एकदम खाली आणते आणि काम आले की वर नेते. हा वेग बदलण्यासाठी एक अतिसूक्ष्म क्षण लागतो, आणि तेवढ्यात चित्र फडफडू नये म्हणून तो बदल मॉनिटरवरचे एक चित्र संपून दुसरे सुरू होण्याआधीच्या मोकळ्या क्षणात उरकला जातो. एक मॉनिटर सेकंदाला १६५ वेळा आणि दुसरा ६० वेळा चित्र बदलत असेल, तर दोघांचे मोकळे क्षण एकत्र येतच नाहीत. मग कार्ड मेमरीचा वेग खाली आणण्याच्या भानगडीत न पडता तो कायम वरच ठेवते, वीज खात राहते आणि तापते.

हे खरे की नाही, ते पाच मिनिटांत कळेल. आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक, म्हणजे मेमरीच्या वेगाचा मेगाहर्ट्झमधला आकडा, पाहा. तुमच्या कार्डाला काम नसताना तो ४०५ च्या आसपास दिसायला हवा. तो ७५०१ च्या आसपास अडकलेला दिसला, तर एचडीएमआयची केबल काढा आणि आकडा पडतो का ते पाहा. पडला, तर मग केबल पुन्हा लावून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जाऊन मोठ्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याचा वेग, १२० हर्ट्झ करून पाहा. १२० ही ६० ची बरोबर दुप्पट असल्यामुळे अनेकदा एवढ्यानेच गाडी रुळावर येते.

खेळताना वाढलेल्या ७ अंशांचे कारण मात्र तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. कॅबिनेट कप्प्यात सरकवले, हे तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. मागचा पंखा जी गरम हवा बाहेर टाकतो, ती कप्प्याच्या मागच्या फळीवर आदळते, कडेने पुढे येते आणि पुढचे पंखे तीच पुन्हा आत ओढतात. तुमच्या कार्डाला खोलीची ३३ अंशांची हवा मिळतच नाही, त्याला कप्प्यातली हवा मिळते. अर्धा तास खेळून झाल्यावर कप्प्यात, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हात घालून पाहा; तिथली हवा तळहाताला कोमट लागली, तर आणखी पुरावा नको. मग कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा आणि तोच खेळ, त्याच सेटिंगवर, खोलीत तेवढेच तापमान असताना अर्धा तास खेळा. तरीही आकडे उतरले नाहीत, तर कॅबिनेटची बाजूची फळी काढून पुन्हा पाहा. फळी काढल्यावर तापमान पाच-सहा अंशांनी पडले, तर कॅबिनेटच्या आतच हवा कोंडते आहे असे समजावे.

आकडे पाहताना एकाच प्रोग्रॅमवर विसंबावे. दोन प्रोग्रॅम तेच सेन्सर एकाच वेळी विचारू लागले की कधी कधी चुकीचे वाचन येते. वरची मेमरीची तपासणी झाली की नोंदींसाठी एचडब्ल्यूइन्फो पुरेसा आहे. तो सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. त्यात सध्याचा, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने असतात. खेळ सुरू होऊन दहा मिनिटे झाली की हे आकडे नव्याने मोजायला लावा आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासाची सरासरी वहीत लिहा. कमाल रकान्यातला आकडा एखाद्या क्षणाचा असतो, त्यावरून घाबरू नये. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, प्रोसेसरचे मात्र दिसत नाही.

इचलकरंजीची धागेदोरे

वरच्या उत्तरात धुळीचा उल्लेख राहिला आहे, म्हणून लिहिते. मी इचलकरंजीत कापडाच्या छपाईचे डिझाइन करते आणि माझी खोली यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या संगणकाचा प्रोसेसर साधे काम करतानाही ९० अंशांच्या वर जाऊ लागला, तेव्हा मी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली, पंख्याचा वेग वाढवला आणि तरीही काही फरक पडला नाही. शेवटी कूलरचा पंखा उचलून पाहिला, तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर सुताच्या तंतूंचा करडा थर बसलेला होता, आणि तो चिमटीत धरून ओढल्यावर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघून आला. पंखा जोरात फिरत होता, पण त्याची हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. तो थर काढल्यावर तापमान त्याच दिवशी ताळ्यावर आले.

तुमच्याकडे यंत्रमाग नसतील, पण दीड वर्षात कॅबिनेट एकदाही उघडले नसेल आणि आता ते जमिनीजवळ आणून ठेवले असेल, तर केर काढताना उडणारी धूळ थेट आत जाते. साफ करताना संगणक बंद करून वीज काढा आणि ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. तोंडाने फुंकर मारू नका, त्याबरोबर ओलावा जातो. पुढच्या जाळीवरची धूळ मात्र आठवड्याला कोरड्या ब्रशने काढली तरी चालते, आणि माझा अनुभव असा आहे की निम्मे काम तेवढ्यानेच होते.

शेवटचे म्हणजे, संगणकाचे आकडे डोळ्यांसमोर असावेत हा तुमचा हेतू मला पटतो. मीसुद्धा लहान मॉनिटरवर एका कोपऱ्यात ते ठेवते. म्हणून तो मॉनिटर काढू नका.

राजारामपुरीकर

कॅडवाले दादा आणि इचलकरंजीच्या ताई, तुम्ही दोघांनी इतके मन लावून लिहिलेत, त्याबद्दल आभार. काल संध्याकाळी सगळे करून पाहिले.

मेमरी क्लॉक खरोखरच ७५०१ वर अडकलेला होता. एचडीएमआयची केबल काढल्याबरोबर तो काही सेकंदांत ४०५ वर आला आणि केबल लावली की पुन्हा वर गेला. मोठा मॉनिटर १२० हर्ट्झवर आणल्यावर दोन्ही मॉनिटर चालू असतानाही तो ४०५ वरच राहिला. कप्प्यात हात घालून पाहिला तेव्हा आपण इतके दिवस हे का केले नाही असे वाटले. आतली हवा भाकरी काढलेल्या तव्याजवळ असते तशी गरम होती. आज कॅबिनेट बाहेर काढतो आणि जाळीही साफ करतो.

एक शंका उरली. १६५ हर्ट्झसाठी मी जास्त पैसे मोजले आहेत आणि शर्यतीच्या खेळांत मला १२० आणि १६५ मधला फरक जाणवतो. दोन्ही मॉनिटर ठेवून १६५ हर्ट्झ राखता येईल का? दुसरे म्हणजे, माउस एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेताना काठावर अडकतो, आणि खेळ चालू असताना दुसऱ्या मॉनिटरवर काही दाबले की खेळ खाली जाऊन बसतो. यावर काय करावे?

रंकाळ्याकाठचा

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो. तुमच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ हे अक्षर नाही, याचा तुम्हाला इथे उपयोग होईल. आय५-१२४००एफ मध्ये चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. तुमच्या आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० नावाची ती सोय आहे. म्हणून जुन्या मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डावरून काढून मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला लावा. मग ग्राफिक्स कार्डावर एकटा १६५ हर्ट्झचा मॉनिटर राहील आणि त्याला मेमरीचा वेग खाली आणायला आडकाठी उरणार नाही. केबल लावूनही मॉनिटरवर काहीच आले नाही, तर घाबरू नका. वेगळे ग्राफिक्स कार्ड असले की पुष्कळ मदरबोर्ड प्रोसेसरची ही सोय आपणहून बंद ठेवतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय चालू करावा लागतो. लहान मॉनिटरवर खेळ चालवायचा नसेल, तर या जोडणीत तुम्हाला काही उणे भासणार नाही. मोठ्या मॉनिटरची केबल मात्र कधीही मदरबोर्डला लावू नका, नाही तर खेळ चालवण्याचे ओझे त्या लहानशा सोयीवर पडण्याची शक्यता असते. माझ्याकडे संगणक संथ झाला म्हणून घेऊन येणाऱ्यांत अशी चुकीच्या पोर्टात लावलेली केबल मी अनेकदा पाहिली आहे.

माउस अडकतो, कारण विंडोजला तुमच्या टेबलावरची मांडणी ठाऊक नसते. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये दोन चौकोन दिसतात. आयडेंटिफाय दाबून कोणता क्रमांक कोणत्या मॉनिटरचा आहे ते पाहा आणि ते चौकोन माउसने ओढून टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसे लावा. तुमच्या दोन मॉनिटरांची उंची पिक्सेलांत १४४० आणि १०८० अशी वेगळी आहे, त्यामुळे मोठ्याच्या काठाचा काही भाग लहानाला भिडणारच नाही आणि तिथे माउस थांबणारच. ज्या उंचीवरून तुम्ही जास्त ये-जा करता, ती बाजू जुळवून घ्या. बहुतेकांना खालची कड जुळवलेली सोयीची वाटते. त्याच ठिकाणी मोठा मॉनिटर मुख्य म्हणून ठरवा, म्हणजे खेळ तिथेच उघडतील. एखादी खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर धाडायची असेल, तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबावी.

खेळ खाली जाऊन बसतो, तो एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये, म्हणजे अख्खा मॉनिटर एकट्याच्या ताब्यात घेऊन, चालत असल्यामुळे. खेळाच्या सेटिंग्जमध्ये बॉर्डरलेस हा पर्याय निवडला, की दुसऱ्या मॉनिटरवर काहीही दाबा, खेळ जागचा हलणार नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. वळवाचे दिवस आहेत, संध्याकाळी ढग भरून आले की वीज जाते. तुमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस असेल, तर त्याची खरी क्षमता सहसा ३६० वॅटची असते. तुमचे कार्ड १७० वॅटपर्यंत घेते, प्रोसेसर थोड्या वेळासाठी ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यात मदरबोर्ड, पंखे व मोठा मॉनिटर मिळवले की क्षमता जवळजवळ संपते. म्हणून लहान मॉनिटर यूपीएसवर लावू नका, त्याला भिंतीतल्या सॉकेटमधून वीज द्या. वीज गेली की खेळ लगेच बंद करून संगणक बंद करावा.

राजारामपुरीकर

रंकाळ्याकाठचे दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे लहान मॉनिटर मदरबोर्डला जोडला. पहिल्यांदा त्यावर काहीच दिसले नाही, बायोसमध्ये तो पर्याय बंदच होता. तो चालू केल्यावर चित्र आले. आता मोठा मॉनिटर १६५ हर्ट्झवर आहे, मेमरी क्लॉक ४०५ वर राहतो, आणि रिकाम्या संगणकात कार्ड ४८ अंशांवर स्थिर होते. काल रात्री दहा ते एक मी अभ्यास करत बसलो होतो, त्या तीन तासांत कार्डाचे पंखे एकदाही सुरू झाले नाहीत.

कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाशेजारी एका जुन्या लाकडी स्टुलावर ठेवले आहे, म्हणजे केराच्या धुळीपासूनही ते वर राहते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पुढची जाळी काढली, तर तिच्यावरचा थर बोटाने रेघ ओढता येईल इतका जाड होता. खोलीत ३३ अंश असताना तोच खेळ अर्धा तास खेळलो. कार्डाची सरासरी ७५, हॉट स्पॉट ८७ आणि प्रोसेसर ७० वर आहे. कार्ड आणि खोली यांच्यातला फरक पुन्हा ४२ अंशांवर आला, म्हणजे बरोबर जानेवारीत होता तितका. लहान मॉनिटर यूपीएसवरून काढून भिंतीच्या सॉकेटला लावला आहे. वहीत आता आणखी एक रकाना आखला आहे, त्यात दर रविवारी हा फरकच लिहिणार आहे; मे महिन्यातले आकडे इथेच आणून टाकेन.